उलटा करून गुणा

त्या रविवारीही सत्यशीलाबाईंची गणिताची शिकवणी नेहमीसारखीच रंगली होती. अपूर्णांकांचा भागाकार त्यांनी शिकवणीतल्या संघर्षला भाकरीचे तुकडे करून दाखवला आणि खुशीला अंगणात पावलं टाकायला लावून. सुटीत यवतमाळला आलेली त्यांची मुलगी संघमित्रा वैतागली. "आई, एकच गणित किती रीतींनी शिकवशील? जेव तरी आधी!"

"थांब वं. एकाले डोळ्यानं समजते, एकाले पायानं. मंग मी काय करू?"

सोमवारी पहाटे झोपेतच सत्यशीलाबाई गेल्या.

पुढच्या महिन्यात परीक्षा तोंडावर आली, तशी मुलं दप्तरं घेऊन पुन्हा दारात उभी राहिली. दहावीला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्या संघमित्राने फळ्यावर लिहिलं, 'दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा.'

"पण ताई, उलटा काहून करायचा?" संघर्षने विचारलं.

"नियम आहे तो."

"हो, पण काहून?"

तिने तेच वाक्य आणखी मोठ्याने वाचलं. मुलांचे चेहरे तसेच कोरे राहिले, तेव्हा तिने चिडून खडू आपटला. "पाठ करा म्हटलं ना!"

खुशी संघर्षच्या कानाशी लागली. "चूप बस न बे. ताईलेच नाही समजलं वाटते."

 

संघमित्रा भिंतीवरच्या फोटोकडे वळली. "आई, मले खरंच कधी समजलं नव्हतं. सगळ्या पोरायले शिकवून माझा नंबर येईस्तोवर तू थकून जात होती, म्हणून मी नुसतं 'हो' म्हणत होती."