मधाच्या रंगाचा ठिपका

"माणूस जातो, नजर राहते!" डोळेवाला धीरगंभीर आवाजात म्हणाला.

"राहिलीय म्हणूनच आलेय," बाई म्हणाल्या. "ही घ्या परत."

आणि त्यांनी आपला डावा डोळा काढून त्याच्या टेबलावर ठेवला.

डोळेवाला खोटे डोळे बनवत असे. लोकांना वाटतं, खोटा डोळा म्हणजे गोटी. असते ती वाटीसारखी लहानशी कवची. तिच्यावर बुबुळ रंगवायचं, लाल रेशमाचे तंतू विस्कटून शिरा बसवायच्या, गिऱ्हाइकाला खिडकीपाशी बसवून खऱ्या डोळ्याशी रंग जुळवायचा. काम इतकं बेमालूम, की अलीकडेच डोळा बसवलेल्या एका जावयाची सासू रोज चुकीच्या डोळ्यात बघून रागवायची.

बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. एकट्या राहत. तक्रारसुद्धा मुद्देसूद करत.

"बसतो छान. रंगही जुळतो. पण आरशासमोर उभी राहिले की एका डोळ्याने मी बघते आणि दुसऱ्यातून कोणीतरी माझ्याकडे बघतं. चहात साखर जास्त पडली की जरा रोखूनच."

"नव्या डोळ्याची सवय व्हायला वेळ लागतो, बाई."

"मला झालीय हो. तिला झालेली दिसत नाही."

"तिला?"

"मग काय! पुरुष इतक्या बारकाईने बघतो का कधी?"

डोळेवाला हसला. हसतहसतच त्याने भिंग लावलं आणि तसाच थांबला. बुबुळाच्या खालच्या कडेला मधाच्या रंगाचा एक बारीक ठिपका होता. बाईंच्या खऱ्या डोळ्यात तो नव्हता. तो त्याच्या बायकोच्या डोळ्यात होता.

धंदा शिकताना नमुना म्हणून फुकटात दुसरं कोण बसणार? तीच बसायची. खिडकीपाशी, पापणी न हलवता. तोंड मात्र अखंड चालू. तो ठिपका रंगवून रंगवून त्याच्या बोटांत मुरला होता. गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून समोर कोणीही बसो, त्याचे डोळे गिऱ्हाइकाकडे बघत आणि हात तिच्याकडे. त्याला आठवलं, परवाच तो जावई विचारत होता, "जेवताना काढून ठेवला तर चालेल का हो? घास मोजल्यासारखं वाटतं."

म्हणजे बायको गावभर हिंडत होती. एकेका चेहऱ्यातून.

"चूक झाली," तो म्हणाला. "आत्ता घासून काढतो."

त्याने चाक सुरू केलं. कवची चाकाजवळ नेली. चाक फिरत राहिलं. घरात तिचे फोटो पुष्कळ होते. पण फोटो काढताना ती हमखास डोळे मिटायची. ठिपका एकाही फोटोत नव्हता. चाक आणि कवची यांच्यात केसभर अंतर उरलं होतं आणि ते काही केल्या कमी होईना.

बाई बघत होत्या. नको ते कबूल करायच्या आधी पोरं कशी घुटमळतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. त्या उठल्या आणि त्यांनी चाकाचं बटण बंद केलं.

"कोणाची आहे?"

"बायकोची."

बाईंनी त्याच्या हातातून कवची काढून घेतली.

"राहू दे मग. घरात रागवायला तरी कोण आहे मला? नांदवून घेईन."

त्यांनी डोळा धुतला, सवयीने बसवला आणि खिडकीच्या उजेडात त्याच्याकडे वळल्या. डोळेवाल्याने मान वर केली. ठिपका लकाकला. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला घरात कोणीतरी असल्यासारखं वाटलं.

"बाई, तुमचे उपकार मी जन्मभर..."

"ते असू दे. आधी तो शर्ट बदला. कॉलर मळलीय. मी मघापासून दुसरीकडे बघायला बघतेय, पण ही ऐकतच नाही."