मास्कमधली धाप

धाकट्या भावाची चाचणी ताईलाच घ्यावी लागली. संघात निवड व्हायची तर धावताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन घेतं, हे मोजणं भाग होतं, आणि प्रयोगशाळेत ते काम तिचंच होतं.

"रडीचा डाव चालणार नाही हं," मास्क बांधताना ती म्हणाली.

तो यंत्राच्या पट्ट्यावर जिवाच्या आकांताने धावला. पडद्यावरची रेघ चढत गेली आणि शेवटी सपाट झाली. याहून जास्त त्याला जमणार नव्हतं. तिने पट्टा थांबवला, त्याचा मास्क काढून टेबलावर ठेवला.

रेघ मात्र खाली येईना.

यंत्र बिघडलं असेल म्हणून ती वाकली. मास्कची रबरी झडप उघडत होती, मिटत होती. आतून कुणीतरी धापा टाकत होतं.

"ताई," मागून भाऊ अगदी सावकाश म्हणाला, "मला दम कसा लागला नाही गं?"

तिने त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती हलत नव्हती.

परत त्याच्या तोंडाला लावायला तिने मास्क घाईघाईने उचलला, आणि तिच्या हातातच आतली धाप थांबली.