मधला तुकडा

१९७२. जहाज बांधलं. लांबी एकशे चाळीस मीटर.

१९८५. मालकाला जास्त खोल्या हव्या होत्या. जहाज मधोमध कापलं, चोवीस मीटरचा नवा तुकडा बसवला आणि पुन्हा जोडलं.

१९८५ ते २०००. तीन मालक, तीन नावं. मधल्या तुकड्यातले प्रवासी पहिल्याच बंदरात खोली बदलून मागत. कारण कोणी लिहून दिलं नाही.

२००१, इस्रायलचं हैफा बंदर. जहाज भंगारात विकलं. शेवटची सफाई रामला गावात राहणाऱ्या, मूळच्या कोकणातल्या मराठी ज्यू मलकाकडे होती, सोबत तिची मुलगी अदवा. तीन वाजता शिडी काढणार होते. पावणेतीन झाले होते आणि मलकाला पोरीला घेऊन एकदाचं खाली उतरायचं होतं.

मधल्या तुकड्यातली शेवटची खोली झाडून तिने दार ओढलं आणि सवयीने म्हणाली, "येते हं."

अदवा आईला हिब्रूत म्हणाली, "इमा, रिकाम्या खोलीला काय सांगतेस? जाते म्हण."

"जाते म्हणू नये. जातो तो मेलेला."

"मग ये परत झाडायला."

बंद दाराआडून कोणीतरी मराठीत विचारलं, "कधी?"

मलकाने अदवाचं मनगट धरलं आणि जिन्याकडे ओढत नेलं. दोघी धावत होत्या, तरी दारं संपत नव्हती.

मागून पुन्हा विचारणा झाली. आता आवाज मलकाचा होता.

"अदवा, कधी येतेस?"

मलकाचे ओठ मिटलेले होते.

आईला जन्मभर हिब्रूतच उत्तर देणारी अदवा थांबली. तिने हात सोडवून घेतला आणि स्वच्छ कोकणी हेलात म्हणाली, "आलेच."