फौजीची बोटं

सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा होती, आणि विमलबाईंना रडू येण्याऐवजी भीती वाटत होती.

समोर टेबलावर त्यांच्या नवऱ्याचा, गहिनीनाथ फौजींचा फोटो होता. बाहेर टँकर उभा होता, आणि त्याच्यामागे पार मारुतीच्या पारापर्यंत घागरींची रांग. सभा उरकल्यावरच पाणी सोडायचं, असा चेअरमनचा हुकूम. म्हणून तर हॉल खच्चून भरला होता.

"माय, तिथं तोंड उघडू नगंस," बिभीषणनं मायला घरूनच बजावलं होतं. "टँकर त्येंचा हाय." पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, इथं तर पाणीच माशाच्या खिशात होतं.

चेअरमन भगवानराव उठले. फौजी लढाईला गेले, परत आले, माजलगावच्या छापखान्यात तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले, सगळं खरंखुरं सांगत होते. "छापलेले कागदसुद्धा पलटणीतले जवान मोजावेत तसे मोजायचे!" लोक हसले. विमलबाईंनाही घटकाभर बरं वाटलं.

मग भगवानरावांनी आवाज जड केला. "आन् देशासाठी, लढाईत, दोन बोटं दिली या माणसानं."

भगवानरावांच्या शेजारी बंकट बसला होता. सोसायटीच्या निवडणुकीसाठी दोनशे मतपत्रिका जादा छापा, असा निरोप घेऊन हाच बंकट छापखान्यात आला होता. फौजींनी साफ नाही म्हटलं. दुसऱ्याच दिवशी ते मशीन पुसत असताना कुणीतरी बटण दाबलं, दोन बोटं गेली. पोरं लहान होती. "हात घसरला," एवढंच ते जगाला सांगत राहिले. बटणापाशी कोण होतं, ते फक्त विमलबाईंना सांगितलं होतं.

आता बंकट त्यांच्याकडेच बघत होता. बिभीषणनं मायचं मनगट घट्ट धरलं.

कशापायी बोलायचं? गेलेला माणूस गेला, जित्यांना पाणी पाहिजे. विमलबाईंना सगळं कळत होतं. तरी त्या उठल्या.

"लढाईतनं तर त्ये दाही बोटं घिऊन आलते," त्या म्हणाल्या.

भगवानरावांनी बंकटकडे नुसतं पाहिलं. बंकट उठून बाहेर गेला.

"आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू," भगवानराव म्हणाले.

सगळे माना खाली घालून उभे राहिले. बाहेर टँकर सुरू झाला. त्याची घरघर घागरींच्या रांगेवरून पुढं गेली, सिरसाळ्याच्या वाटेला लागली, बारीक होत गेली. दोन मिनिटं अजून संपली नव्हती, म्हणून जागचं कुणी हललं नाही.