धड सदरा

पहिल्या निवडणुकीत आबांच्या खादीच्या सदऱ्याला खरंच ठिगळ होतं, आणि लोकांनी तेच डोक्यावर घेतलं. मंत्री झाल्यावर मात्र त्यांची बायको बनुबाई प्रत्येक कोऱ्या सदऱ्यावर मुद्दाम ठिगळ लावून देई. “लेकीच्या लग्नात तरी धड सदरा घालतो,” असं म्हणून उंब्रजच्या मांडवात आबा बिनठिगळाच्या सदऱ्यात उभे राहिले. तेवढ्यात सांगलीहून नवरदेव आला. मुंबईच्या नामांकित शिंप्यानं त्याच्या रेशमी कोटावर मखमली ठिगळ लावलं होतं. “मामा, तुमचीच फॅशन!” तो हसला. फोटोवाला आबांकडं बघून थबकला. “आवं आबा, ठिगळ कुठं हाय?” एक कार्यकर्ता कुजबुजला. “निवडणूक तोंडावर आली. लोक म्हणत्याल, पुढारी माजला.” लेकीनं आबांचा हात घट्ट धरला. “असंच ऱ्हाऊ द्या, आबा. आजचा दिवस.” आबांनी हात हळूच सोडवला. ते बनुबाईला म्हणाले, “अगं, सुईदोरा आण.”