जोडीची खूण

“चित्र कसलंही चालेल,” मोठी म्हणाली. “फक्त अशा जागी हवं, की मान खाली घातली की मला दिसलं पाहिजे.”

धाकटीने इस्त्री उभी करून ठेवली. लॉन्ड्रीत सकाळची वाफ भरली होती आणि त्या वाफेत मोठीचा नुसता चेहरा तरंगत होता. तो चेहरा धाकटीचाही होता. दोघी जुळ्या. मोठी काही मिनिटांनीच मोठी. बाकी नाक, डोळे, हनुवटीवरचा खळगा, सगळं एका साच्यातलं. साठी उलटली तरी साचा बिघडला नव्हता. आणि आता या वयात मोठीला मनगटावर टॅटू गोंदवून घ्यायचा होता.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारचा बेकरीवाला म्हणाला, सुरकुतलेल्या कापडावर कुणी भरतकाम करतं का? पोस्टमनच्या मेहुण्याने म्हणे दंडावर एकीचं नाव गोंदवलं आणि लग्न दुसरीशी झालं. तेव्हापासून तो बिचारा भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी सुई आणि जंतू या विषयावर व्याख्यानच दिलं. भाची तेवढी फोनवर नाचायची बाकी होती. मावशी, हे तर तू कधीच करायला हवं होतंस, म्हणाली. जितकी तोंडं तितकी मतं. मोठी सगळ्यांचं ऐकून घ्यायची, हसायची आणि कॉलरच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने गिऱ्हाइकांच्या खुणा घालत राहायची.

धाकटीला मात्र आपलं मत धड सांगताही येत नव्हतं. ओळखू न येणं हीच तर दोघींची आयुष्यभराची कमाई होती. शाळेत एकीच्या शिक्षेला दुसरी उभी राहिली होती. खुद्द आई हाक मारताना अडखळायची. गिऱ्हाइकं अजूनही दारात उभी राहून विचारायची, यातल्या तुम्ही कोणत्या? मग दोघी मिळून त्यांची फिरकी घ्यायच्या. हल्ली तर मोठी या खेळात फारच रंगायची. कुणी विचारलं की ती आधी धाकटीकडे बघायची. धाकटी काय सांगते ते ऐकायची आणि उरलेलं नाव आपलं म्हणून सांगून टाकायची. धाकटी आत गेलेली असली, तर नुसती हसत उभी राहायची. एकदा टॅटू काढला की हा खेळ संपला. कुणीतरी आपल्याला मधोमध कात्रीने कापतंय, असं धाकटीला वाटत होतं.

एका दुपारी ती बोललीच. “जन्मभर एकसारख्या राहिलो. आता तुला माझ्यापासून वेगळं व्हायचंय का?”

मोठीने हातातल्या कॉलरवरची खूण पुरी केली. “खूण नसली की कपडा हरवतो, धाकटे,” एवढंच ती म्हणाली.

हे उत्तर धाकटीला फार लागलं. मग अबोला सुरू झाला. पण चादरीची घडी घालायला दोघी लागतात. चार टोकं धरून लांब उभं राहायचं, मग पावलं टाकत जवळ यायचं आणि आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. न बोलता असं किती वेळा जवळ येणार? पांढऱ्या चादरीमागून मोठीचा चेहरा पुन्हा पुन्हा उगवत राहिला. तो थकलेला होता. अशाच एका घडीला धाकटीचा राग विरघळला आणि तिला एकदम लॉन्ड्रीचा नियम आठवला. सुट्या कपड्याला त्याची वेगळी खूण. पण मोजे असोत की उशांचे अभ्रे, जोडी असली की दोन्हींना एकच खूण, म्हणजे जोडी फुटत नाही. धाकटीला हसूच आलं. इतकं सोपं होतं आणि आपण उगाच डोक्यात राख घालून बसलो.

टॅटूच्या दुकानात निळे पडदे होते. दुपारचं ऊन त्यांतून गाळून येत होतं आणि सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटत होती. टॅटू काढणारी मुलगी हळू आवाजात बोलायची. मोठीने चित्रांच्या तक्त्यावर समोर जे आलं त्यावर बोट ठेवलं. ते एक छोटं निळं पान होतं. सुई गुणगुणू लागली. मोठी जरादेखील कण्हली नाही. तिचा चेहरा इतका निवांत झालेला धाकटीने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. काम झाल्यावर ती कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसली आणि मनगटाकडे बघत काहीतरी पाठ केल्यासारखे ओठ हलवत राहिली. बघता बघता तिचा डोळा लागला.

मग धाकटी खुर्चीत बसली. तिने डावी बाही वर सारली आणि मुलीला सांगितलं, हेच पान, याच जागी, केसभरही फरक नको. दुखलं, पण तिला ते दुखणं गोड वाटलं.

मोठी जागी झाली तेव्हा धाकटी तिला टेकून बसली होती. तिने आपलं मनगट मोठीच्या मनगटाशेजारी धरलं. पातळ प्लास्टिकखाली दोन निळी पानं ओली ओली चमकत होती.

“घे,” धाकटी म्हणाली. “आता कुणाच्या बापालाही ओळखू यायचं नाही.”

मोठीने एका पानाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, मग पुन्हा पहिल्याकडे. ती रागावली नाही. तिने धाकटीचा हात आपल्या हातात घेतला आणि लहान मुलाला समजावतात तशा मऊ आवाजात म्हणाली,

“ते लोकांसाठी नव्हतं गं. हल्ली सकाळी जाग आली की आपल्यातली मी कोणती, तेच मला आठवत नाही.”