उंटाचा बळी

फ्लशच्या टाकीमागे काही सापडलं नाही. वसुधानं कचऱ्याची बादली पायानं कलती करून पाहिली, खिडकीच्या जाळीमागे हात घातला आणि बाहेर येऊन दोनदा साबण लावला. तरी डांबराच्या गोळ्यांचा वास नाकातून जाईना.

मागच्या वर्षी बोरिवलीच्या स्पर्धेत असाच टाकीमागे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला मोबाइल मिळाला होता. तेव्हापासून मुख्य पंच म्हणजे पुरुषांच्या संडासात शोधाशोध करणारी बाई, असंच तिला वाटायला लागलं होतं. एवढ्यासाठी बुद्धिबळात जन्म घालवला?

आजची स्पर्धा होती त्या मुलुंडच्या हॉलमागच्या छोट्या खोलीत दोघं तिची वाट पाहत होते. श्यामकांत गुप्ते, साठीचे, उपनगरातल्या प्रत्येक स्पर्धेत हजर असणारे जुने खेळाडू. सकाळचा डाव हरलेले. आणि तो डाव जिंकलेला चैतन्य सोनावणे, घाटकोपरला मुलांचा बुद्धिबळाचा क्लास चालवणारा. तक्रार गुप्त्यांची होती.

"कितीतरी वेळ हा संडासात," ते म्हणाले. "आला, बसला आणि ती खेळी केली. मॅडम, आम्ही काय काल पट बघितला?"

"पोट बिघडलं होतं," चैतन्य म्हणाला.

"बिघडतं ना. बरोबर डाव अडला की बिघडतं."

वसुधानं लॅपटॉप उघडून डाव मांडला. इंजिननं, म्हणजे खेळ्या तपासणाऱ्या प्रोग्रॅमनं, आधी हत्तीची एक साधी खेळी सुचवली. डाव बरोबरीचा होता. मग तिनं चैतन्यची खेळी घातली. उंट सरळ राजाशेजारच्या प्याद्यावर. काळा राजा तो फुकट खाणार, हे कुणीही सांगितलं असतं. कोण किती वरचढ ते दाखवणारा आकडा धाडकन खाली आला. इंजिनच्या मते चैतन्य हरला होता.

ती थांबली. अशा अवघड जागी इंजिनचं पहिलं मत धरायचं नसतं. ते लाखो शक्यता चाळतं खरं, पण वरवर वाईट दिसणारी वाट थोडीशीच तपासून बाजूला टाकतं. मोहरा फुकट देणारी खेळी तिथंच मरते. फायदा फार पुढे दडलेला असेल, तर तिथवर खोल उतरायला त्यालाही वेळ द्यावा लागतो. तिचा लॅपटॉप तर जुना.

चहा गार झाला. आकडा हळूहळू वर सरकला, शून्यापाशी रेंगाळला आणि एकदम उलटला. चैतन्य जिंकत होता. राजानं उंट खायचा. त्यावर शह नाही, मारामारी नाही, नुसता हत्ती एक घर बाजूला. बस्स. त्यानंतर राजाला पळायला जागाच उरत नव्हती. पुढचे शह क्लासमधल्या पोरांनाही दिसले असते.

खेळी सुंदर होती. म्हणूनच तिला जास्त किळस आली. इतकी सुंदर गोष्ट कुणीतरी त्या ओल्या, कुबट जागेत उकिडवं बसून स्क्रीनवरून उचलली होती.

"हे तुला पटावर दिसलं?" तिनं विचारलं.

चैतन्य स्क्रीनकडे वाकला.

"बाहेर तर सांगत होतास. पालक तुझे फोटो काढत होते आणि तू म्हणालास, मला शेवटपर्यंत सगळं दिसत होतं. मी ऐकलंय."

त्याचे कान लाल झाले.

"मग सांग. यांनी उंट खाल्लाच नसता, तर पुढे काय खेळणार होतास?"

तो स्क्रीनकडे बघत राहिला. "नाही माहीत, मॅडम."

"शी!" गुप्ते म्हणाले आणि त्यांनी खुर्ची जरा लांब सरकवली.

वसुधालाही त्याच्याकडे बघवेना. "ही खेळी या हॉलमध्ये कुणालाच सुचली नसती. मलाही नाही. मी तुझ्यावर बंदी घालायची शिफारस करतेय. उद्यापासून मुलांना शिकवायला कुठल्या तोंडानं उभा राहणार आहेस, ते तुझं तू बघ."

"मॅडम," चैतन्य हळूच म्हणाला, "मलाही ती सुचली नव्हती."

"म्हणजे मोबाइलवर बघितलीस. कबूल?"

"नाही. मला हत्तीच खेळायचा होता. पोटात कळ मारत होती. हत्तीकडे हात नेताना उंटाला लागला. गुप्ते सर म्हणाले, आता उंटच खेळ. उंटाला हलायला तेवढी एकच जागा होती. गेला फुकट. मग पुढच्या खेळीला मी आपला ठरलेला हत्ती खेळलो. जिंकल्यावर सगळे वाहवा करायला लागले, आणि मी ती घेतली. तेवढं खोटं बोललो."

"पंचांना का नाही बोलावलंस?"

"भांडायची ताकदच नव्हती."

वसुधानं लॅपटॉप मिटला. पकडला गेल्यावर समोरच्या वयस्कर माणसावर ढकलायचं, ही तर हद्द झाली. "पुरे. असल्या गोष्टी मी खूप ऐकल्यात. गुप्ते, तुम्ही सही करून मोकळे व्हा."

गुप्त्यांनी खिशातून पेन काढलं.

"नुसता धक्का लागला होता, मॅडम!" चैतन्यचा आवाज चिरकला. "नियमानं मला तो खेळावाच लागला नसता. यांनी फसवून खेळायला लावला!"

गुप्ते ताडकन उठले. "फसवून? ए, मी फसवलं? चक्क दोन बोटांत धरला होतास तू उंट! हात लागला की तोच मोहरा खेळायचा, नियम आहे, म्हणून लावला मी तुला खेळायला!"